क्रियापद गिळू नका

"पान पूर्ण वाळल्यावर फवारणी करून काही उपयोग होत…"

एवढंच ऐकू आलं. पुढचा शब्द छताच्या पंख्याने खाल्ला. मागच्या बाकावरून मी विचारलं, "होतो की होत नाही?" मुलगी चमकून वळली. "नाही मॅडम, होत नाही. मी म्हटलं ना तसं."

म्हटलंही असेल, पण ते तिच्या ओठांच्या पुढे आलं नव्हतं. रावेर तालुक्यातल्या केळीवर करपा कसा पसरतो, यावर तिने वर्षभर काम केलं होतं. मोजमापं तिची स्वतःची होती, फोटो तिनेच बांधावर उभं राहून काढले होते. राज्यातल्या विद्यापीठांमध्ये 2006 पासून होणाऱ्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेची ती तयारी करत होती आणि आमच्या सभागृहात तिची रंगीत तालीम चालली होती. तिचं हे वाक्य एखाद्या शेतकऱ्याने अर्धंच ऐकलं असतं, तर वाळलेल्या पानांवर औषध मारण्यात त्याचे पैसे गेले असते. वाक्याचा शेवट ऐकू न येण्याची किंमत इतकी मोठी असू शकते.

जळगाव आणि धुळ्याच्या महाविद्यालयांत, बचत गटांच्या बैठकांत, शेतकरी मेळाव्यांच्या तयारीत मी गेली काही वर्षं बोलण्याचा सराव घेते. इतक्या लोकांना ऐकल्यावर एका गोष्टीबद्दल माझी खात्री झाली आहे. आपल्या मराठी सादरीकरणात सगळ्यात जास्त नुकसान शेवटच्या दोन-तीन अक्षरांत होतं. मराठी वाक्याचा निकाल शेवटी लागतो. आहे की नाही, केलं की करायचं आहे, वाढतं की घटतं, हे सगळं क्रियापदात असतं आणि क्रियापद टोकाला बसलेलं असतं. अहिराणीतही तसंच, ‘शे’ आणि ‘नही’ शेवटीच येतात. इंग्रजी पुस्तकांवरून शिकवणारे सांगतात की सुरुवात दमदार करा. सुरुवात चांगली हवीच. पण आपल्या भाषेत वाक्य दमदार सुरू होऊन शेवटी विझलं, तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

शेवट का विझतो, ते त्या मुलीकडे बघताना स्पष्ट दिसत होतं. वाक्य सुरू करण्याआधी ती श्वास घेत नव्हती. अर्ध्या भरलेल्या छातीने लांबलचक वाक्य उचलायची आणि शेवटाला पोचेपर्यंत हवा संपायची. शिवाय शेवटचे शब्द येण्याआधीच तिची मान पडद्याकडे वळायची, कारण मनात पुढची स्लाइड सुरू झालेली असायची. म्हणजे आवाज आणि शरीर दोघंही एकाच क्षणी श्रोत्यांना सोडून जात होते. देहबोली आणि आवाज हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवू नयेत असं मला वाटतं, ते याच अनुभवामुळे.

म्हणून माझा पहिला सराव असा. वाक्य सुरू करण्याआधी एक चेहरा निवडा. श्वास घ्या. ते वाक्य त्याच चेहऱ्याला सांगा आणि क्रियापद पूर्ण होईपर्यंत नजर तिथून हलवू नका. मग तोंड बंद करा, श्वास घ्या, दुसरा चेहरा निवडा. सुरुवातीला हे फार संथ वाटतं. बोलणाऱ्याला वाटतं, मी अडखळतो आहे असं लोकांना वाटेल. ऐकणाऱ्याला मात्र तेवढ्या उसंतीत मागचं वाक्य पचवायला वेळ मिळतो. एका श्वासात न मावणारं वाक्य असेल तर ते तोडून दोन वाक्यं करा.

मोबाइलवरही एक उपयोगी तपासणी होते. फोन रेकॉर्डिंगला लावून तो स्वतःजवळ ठेवू नका, खोलीतल्या सगळ्यात मागच्या बाकावर ठेवा. पंखे चालू असू द्या. पाच मिनिटं बोला. नंतर ऐकताना कागद-पेन घ्या आणि फक्त क्रियापदं लिहीत जा. जिथे क्रियापद लिहिता आलं नाही, ते वाक्य मागच्या रांगेपर्यंत गेलं नाही. त्या मुलीची पहिल्या दिवशी एकवीस वाक्यं झाली आणि त्यातली नऊ क्रियापदं सापडली.

ठहरावाने बोलण्याचा विषय निघाला की मला धुळ्याचा तुरुंग आठवतो. 1932 साली 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबा भावे तिथे गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसलेले कैदी होते आणि त्यांत साने गुरुजी होते. गुरुजी ऐकता ऐकता लिहून घेत आणि त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. मी विद्यार्थ्यांना सांगते, या घटनेकडे जरा वक्त्याच्या बाजूने बघा. ध्वनिमुद्रण नाही, समोर एक माणूस हाताने लिहितो आहे आणि त्यातून पुस्तक उभं राहतं. गुरुजींची लेखणी वेगवान होती हे खरंच. पण वाक्यं अर्धवट सुटणारी असती, एकात एक घुसणारी असती, तर कितीही वेगवान लेखणीला ती धरता आली नसती. आपल्या मित्राला समोर बसवून हाच प्रयोग करा. तुमचं बोलणं त्याला मुद्द्यांनिशी लिहून घेता येतं का ते पाहा. त्याने मान वर करून "काय म्हणालास?" असं विचारलं, तर ती जागा खूण करून ठेवा.

आवाज लहान आहे अशी तक्रार मुली फार करतात. आवाज लहान नसतो, तो घशात अडकलेला असतो. घरी हीच मुलगी शेताच्या बांधावरून दोन वावरं पलीकडच्या भावाला हाक मारते, तेव्हा तिचा आवाज बरोबर पोचतो. हाक मारणं आणि ओरडणं यांत फरक आहे. ओरडताना घसा आवळतो, मानेच्या शिरा ताठतात आणि दहा मिनिटांत आवाज बसतो. हाक मारताना आधी पोट फुगतं, श्वास खाली भरतो आणि शब्दातला स्वर लांबतो. पोटावर हात ठेवून पाहा. "ए भाऊऽऽ" म्हणताना हात आत जातो, म्हणजे श्वास आवाजाला ढकलतो आहे. सभागृहात हाक मारायची नाही, पण श्वास तिथूनच घ्यायचा. सरावासाठी मोकळ्या मैदानात समोरच्याला वीस पावलांवर उभं करा आणि तुमची पहिली चार वाक्यं न ओरडता त्याच्यापर्यंत पोचवा. मग त्याला दहा पावलांवर आणा आणि तोच श्वास ठेवून आवाज थोडा खाली घ्या.

बोलण्याआधी पाच मिनिटं तोंड मिटून ‘म्’ गुणगुणा, ओठांवर कंप जाणवेपर्यंत. लहान मुलं ओठ फडफडवून ट्रॅक्टरचा आवाज काढतात, तो व्यायामही फार चांगला आहे; ओठ, गाल आणि श्वास तिन्ही सैल होतात. एका कोपऱ्यात जाऊन करा, लाज वाटायचं कारण नाही. खाकरून घसा साफ करायची सवय मात्र सोडा. जोरात खाकरल्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि घसा आणखी खवखवतो. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या, तोही माठातल्या पाण्याचा, बर्फाच्या नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 पर्यंत चढतो, त्या दिवसांत सकाळपासून पाणी पीत राहणं हाच आवाजाचा उपाय. व्यासपीठावर चढण्याआधी बाटलीभर पाणी पिऊन तो साधत नाही. आणि कार्यक्रम दुपारी असेल तर त्याआधी झणझणीत शेवभाजी नको. ती संध्याकाळी, काम झाल्यावर.

आता हातांकडे येऊ. त्या मुलीचे हात ओढणीच्या टोकात गुंडाळलेले होते. पाठ निम्मी आमच्याकडे, निम्मी पडद्याकडे. मी तिला "हात मोकळे सोड" असं म्हटलं असतं तर ते लाकडासारखे लोंबकळले असते. हा अनुभव मी बऱ्याचदा घेतला आहे. म्हणून मी लॅपटॉप बंद केला आणि विचारलं, "करपा पानावर नेमका दिसतो कसा? मी कधी पाहिला नाही असं समज."

ओढणी सुटली. तिने डावा तळहात पानासारखा आडवा धरला आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर रेषा काढायला लागली. आधी या अशा बारीक पिवळ्या रेघा. मग त्या रुंद होऊन तपकिरी ठिपके होतात. मग ठिपक्याच्या मधोमध राखाडी आणि भोवती पिवळं कडं. मग एक ठिपका दुसऱ्याला मिळतो आणि पान करपतं, इथून इथपर्यंत. ‘इथपर्यंत’ म्हणताना तिचा हात कोपरापर्यंत सरकला. खालची जुनी पानं आधी जातात हे सांगताना ती नकळत गुडघ्यात वाकली आणि जमिनीजवळ हात नेला. पुढे घडाकडे आली. पानं गेली की घड पोसत नाही, असं म्हणत दोन्ही हातांनी चांगल्या घडाचा घेर दाखवला, मग तोच घेर आकसून घेतला. आवाज आपोआप वर आला होता. एकही क्रियापद हरवलं नाही.

हातवाऱ्यांबद्दल माझं सांगणं एवढंच आहे. हातांना माहिती असते. जे काम तुम्ही हातांनी केलं आहे ते बोलताना हात आपसूक चालतात. तुमच्या सादरीकरणात अशी एक जागा शोधा, जिथे आकार, अंतर, क्रम किंवा हालचाल दाखवायची आहे, आणि तिथे स्लाइडऐवजी हात वापरा. एकदा हात उठले की मग ते पुन्हा ओढणीत जात नाहीत. बाकी वेळी ते पोटासमोर सैल असू द्या. लेझर पॉइंटर शक्यतो टाळा. हात जरासा कापत असेल तर पडद्यावरचा लाल ठिपका तो कंप दहापट करून दाखवतो.

हात बिघडवायचं काम शाळेतच सुरू होतं, हेही बोललं पाहिजे. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो" हे आपण सगळेच पाठ करून मोठे झालो. वक्तृत्व स्पर्धेत कुठल्या शब्दाला उजवा हात वर न्यायचा, कुठे मूठ आवळायची, कुठे आवाज चढवायचा, हे बाई ठरवून द्यायच्या. स्पर्धेत बक्षीस मिळायचं आणि तो साचा अंगात मुरायचा. मग अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा ठिबक सिंचनाच्या दाबावर बोलतानाही शाळेतल्या पंधरा ऑगस्टच्या सुरात बोलतो. सगळी वाक्यं एकाच चालीत, प्रत्येक वाक्याच्या मध्यावर चढ आणि शेवटी उतार. त्या चालीत क्रियापद नेमकं उतारावर येतं. ही सवय मोडायचा एक मार्ग आहे. तुमचा विषय घरच्या ओट्यावर बसून आजीला किंवा आबांना सांगा. त्यांना कळेल असा सांगा. त्या वेळचा सूर रेकॉर्ड करा आणि सादरीकरणाचा पाया तोच ठेवा. हिवाळ्यात वावरात भरीत पार्टी असते तेव्हा वांगी भाजता भाजता किस्सा सांगणारा आपला मित्र आठवा. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा आणि कुणाकडे बघायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तोच मित्र सभागृहात गेला की पुटपुटतो. त्याच्यात कौशल्य असतंच. सभागृहात ते सोबत न्यायचं असतं.

तो ते का नेत नाही? इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. माझं घर धुळे जिल्ह्यातलं, घरची बोली अहिराणी. आमच्याकडे शाळेला शाया म्हणतात, डोळ्याला डोया. महाविद्यालयात असताना एका शहरातल्या स्पर्धेत माझ्या तोंडून ‘फळ’ऐवजी ‘फय’ गेलं आणि एक परीक्षक हसले. बाकीचे काही हसले नाहीत, पण मला फक्त तेच हसणं ऐकू आलं. त्यानंतर दोन-तीन वर्षं मी बोलताना तोंडासमोर हात धरायची. खांदे आत, मान खाली, आवाज घशात. देहबोलीवरचं कुठलंही शिबिर मला सुधारू शकलं नसतं, कारण बिघाड शरीरात नव्हताच. मी तो उच्चार लपवत होते आणि त्यासोबत सगळी मीच लपत होते. आज माझ्यासमोर आकसून उभी राहणारी मुलंमुली पाहिली की त्यातल्या कितीतरी जणांचं दुखणं हेच असतं.

त्यांना मी सांगते, जळगावच्या आपल्या विद्यापीठाला 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. असोद्यात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंच्या लेवा बोलीतही ‘ळ’चा ‘य’ होतो आणि तीच बोली विद्यापीठात अभ्यासाला आहे. याच जळगावात 1907 साली महाराष्ट्र कविसंमेलन भरलं होतं. धरणगावच्या पोरसवदा त्र्यंबक ठोंबरे यांनी तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. खानदेशातल्या माणसाचा आवाज सभेत नवीन नाही.

व्यवहार म्हणून एवढं करा. तुमच्या विषयातले आठ-दहा पारिभाषिक शब्द आणि सगळे आकडे काढून त्यांचे उच्चार घोटून घ्या, कारण तिथे गैरसमज परवडत नाही. बाकी बोलणं तुमच्या घरच्या वळणाने येऊ द्या. पुण्याची नक्कल करू नका. नक्कल करताना सगळं लक्ष जिभेवर जातं आणि समोरचा माणूस दिसेनासा होतो.

शिबिरांमध्ये एक आकडा फार फिरतो; शब्दांचं महत्त्व 7 टक्के, आवाजाचं 38 आणि देहबोलीचं 55. हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967च्या प्रयोगांतून आलं. ते प्रयोग सुट्या शब्दांवर आणि बोलणाऱ्याच्या आवडी-नावडीच्या भावना कशा ओळखल्या जातात यावर होते. सगळ्या संवादाला हा हिशेब लागू नाही, हे स्वतः मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे. तेव्हा शब्दांची तयारी कमी करून आरशासमोर उभं राहण्याच्या पद्धती घोटत बसू नका. विषय कच्चा असेल तर अंगही कच्चं पडतं.

नजरेबद्दलचा छापील सल्लाही आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. बचत गटाच्या ताई ग्रामसभेत पापड उद्योगाचा हिशेब मांडायला उभ्या राहतात तेव्हा समोर जेठ, सासरे, गावातले आबा-नाना बसलेले असतात. "डोळ्यांत डोळे घालून बोला" असं त्यांना सांगणं अन्यायाचं आहे. त्यांना मी सांगते, ताई, मोठ्या माणसांच्या कपाळाकडे किंवा फेट्याकडे बघा. समोरून ते नजरेसारखंच दिसतं. आणि गटातल्या दोन मैत्रिणी आधीच डावीकडे-उजवीकडे बसवून ठेवा. एक वाक्य इकडच्या मैत्रिणीला, एक तिकडच्या. त्या मान हलवतात तेव्हा धीर येतो. पदर सारखा सावरावा लागू नये म्हणून आधीच पिन लावून घ्या. बँकेच्या साहेबांसमोर खुर्चीत बसून बोलायचं असेल तर पाठ टेकू नका, हिशेबाची वही टेबलावर उघडी ठेवा आणि आकडा सांगताना त्यावर बोट ठेवा.

उभं राहताना पाय खांद्याइतके लांब, वजन दोन्ही पायांवर. झुलायची सवय असेल तर चपलांच्या आत अंगठे जमिनीला हलकेच दाबा. श्रोत्यांच्या डाव्या हाताला उभे राहा, म्हणजे त्यांची नजर तुमच्यावरून सरळ ओळीच्या सुरुवातीला जाते. हातातला माइक हनुवटीच्या उंचीवर, चार बोटं अंतरावर धरा आणि मान वळवताना तोही वळवा. नाहीतर पडद्याकडे पाहताना तेवढं वाक्य माइकबाहेर जातं. कार्यक्रमाआधी शक्य असेल तर कूलर बंद करायला सांगा. त्यात संकोच नको, मागच्या रांगेचे लोक तुमचे आभारच मानतील. ऑनलाइन बोलताना स्वतःच्या चित्राकडे न बघता कॅमेऱ्याच्या छिद्राकडे बघा आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर येईल इतकी पुस्तकं लॅपटॉपखाली ठेवा.

छातीत धडधड होतेच. ती सुरुवातीला सगळ्यात जास्त असते, एक-दोन मिनिटांत ओसरायला लागते. म्हणून पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य अक्षरन् अक्षर पाठ असू द्या, मधलं नको. नाव पुकारल्यावर घाईने बोलायला सुरुवात करू नका. जागेवर जा, पाय रोवा, एक लांब श्वास सोडा. श्वास घेण्याआधी सोडणं महत्त्वाचं. घाबरलेला माणूस आधीच छाती भरून उभा असतो.

प्रश्नोत्तरांत बहुतेकांचं शरीर एक पाऊल मागे जातं. प्रश्न येताच अर्धं पाऊल पुढे या, प्रश्न पूर्ण ऐका, तो थोडक्यात मोठ्याने सांगा म्हणजे सगळ्यांना कळेल आणि तुम्हालाही दोन क्षण मिळतील. उत्तर माहीत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही" असं सांगा, ‘नाही’सकट, पूर्ण आवाजात, मान वर ठेवून.

रावेरची ती मुलगी दहा दिवसांनी पुन्हा उभी राहिली. पंखे तसेच चालू होते. तिने तळहाताचं पान केलं, रेषा काढल्या, मग मागच्या रांगेत बसलेल्या शिपाईदादांकडे बघून म्हणाली, "पान पूर्ण वाळल्यावर फवारणी करून काही उपयोग होत नाही." आणि थांबली. दादांच्या घरची केळी आहे. त्यांनी तिथूनच विचारलं, "मंग कव्हा मारनी?" तिने अर्धं पाऊल पुढे टाकलं, प्रश्न सगळ्यांना सांगितला आणि पहिल्या पिवळ्या रेघांचं बोट पुन्हा तळहातावर ठेवलं.

आता तिचं एकच राहिलं होतं. शेवटचं वाक्य संपायच्या आतच ती पेनड्राइव्ह काढायला वाकायची, आणि ‘धन्यवाद’ टेबलाला सांगितलं जायचं. त्या दुपारी आम्ही फक्त तेवढंच केलं. शेवटचं वाक्य, क्रियापद, तोंड बंद, दोन श्वास तिथेच उभं राहणं, आणि त्यानंतरच पेनड्राइव्ह. अकराव्या वेळी जमलं.